पुराव्याची फाईल

हॅलिफॅक्सच्या त्या कॉलेजात अभ्यासासाठी पुस्तकाची दहा टक्केच पानं झेरॉक्स करायची मुभा होती. मोरॅग ही विद्यार्थिनी मात्र एकशे ऐंशी पानांचं एकच पुस्तक घेऊन सलग नऊ दिवस मशीनपाशी दिसली, आणि ग्रंथपाल थिबोडोबाईंना जेवण गोड लागेना.

"अभ्यास म्हणे! काढून टाका हिला कॉलेजातून," जाडजूड फाईल कॉलेजच्या शिस्तपालन समितीपुढे आपटत बाई म्हणाल्या. "हिनं काय काय पळवलंय, ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जोडलंय मी."

"सर, मी रोज दोनच पानं काढली हो. ही बघा, अठरा आहेत," मोरॅग रडवेली झाली.

अध्यक्षांनी तिची अठरा पानं मोजली. मग फाईल चाळली.



"बाई, मग अख्ख्या पुस्तकाची ही झेरॉक्स कोणी काढली?"