पुलाची दुरुस्ती

शिलाईच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की मावशी मशीन थांबवून कॉम्प्युटरवरच्या जुन्या ऑनलाइन गेममध्ये शिरायच्या. तिथल्या लाकडी पुलाला भगदाड होतं. नवखे खेळाडू त्यातून धपकन नदीत पडायचे आणि मावशी दोर टाकून एकेकाला वर ओढायच्या. अकरा वर्षं हेच चाललेलं. शेवटी वैतागून त्यांनीच पाचशे खेळाडूंच्या सह्या गोळा करून कंपनीला खडसावलं, “नवी शस्त्रं नकोत, नवे पोशाख नकोत. आधी पूल दुरुस्त करा!” आज पूल दुरुस्त झाला. खेळाडू सुसाट पलीकडे जात होते. कुणी पडेना, कुणी थांबेना. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मावशी पुलाच्या टोकाशी दोर धरून नुसत्याच उभ्या होत्या. तेवढ्यात एक जुना भिडू आला, नवाकोरा कठडा ओलांडून त्याने सरळ नदीत उडी मारली. “पडलो हो मावशी, टाका दोर!”