पायडलचे फेरे

"चढावर तू पाय ढिले सोडतेस," सायकल संघाचे प्रशिक्षक इंगवले सर सगळ्या मुलींसमोर ओरडले. "मिनिटाला फक्त बासष्ट फेरे! संघातून तुझं नाव काढलंय."

अनुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. पायडलचे फेरे मोजणारा तो जुना चुंबकाचा सेन्सर सरांनीच बसवला होता आणि सायकल खड्ड्यात हादरली की तो मोजायचाच थांबायचा. ती तडक सायकलच्या दुकानात गेली.

"चुंबकवाला घेऊ नका, ताई," दुकानदार म्हणाला. "चुंबक जरा सरकला की आकडे चुकतात. हा बघा, पायडलच्या दांड्याला घट्ट बसतो. याला चुंबक लागतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरांना सोबत यायला लावलं आणि दोन्ही सेन्सर लावून पन्हाळ्याचा चढ धरला. जुना बासष्ट दाखवत होता, नवा अठ्ठ्याऐंशी.

"नवाच खोटा आहे," शेजारून स्कूटर चालवणारे सर म्हणाले.

"मग घड्याळ लावून मोजा!"

सरांच्या मागे तेजल बसली होती, अनुजाच्या जागी संघात घेतलेली मुलगी. तिने घड्याळाकडे बघत मिनिटभर फेरे मोजले. मग म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी."

सरांनी रागाने मान मागे वळवली. "संघाची यादी कालच स्पर्धेच्या आयोजकांकडे गेली. आता काही होणार नाही."

"आज दुसरी पाठवा."

"माझं हसं होईल!"

"होऊ दे," म्हणत अनुजाने सायकल पुढे काढली आणि स्कूटरसमोर आडवी घातली. सर हॉर्न वाजवत राहिले. ती हलली नाही. शेवटी शिव्या पुटपुटत त्यांनी दुसरी यादी पाठवायला खिशातून फोन काढला.