दमलेली पेशी

तपासणीचे साहेब सकाळी नऊला येणार होते आणि बाईंची बढती त्यांच्या शेऱ्यावर अडली होती. म्हणून विज्ञानाच्या बाईंनी अख्ख्या वर्गाचीच पेशी केली. मागच्या बाकांवर पुठ्ठ्याची दारं घेतलेली मुलं, व्हरांड्यात साखर झालेल्या पाच जणी आणि हातात घंटा घेतलेली इन्सुलिन. घंटा वाजली की दारांनी पळत पुढच्या, व्हरांड्याकडच्या भिंतीशी यायचं आणि साखरेला आत घ्यायचं. बाहेर गाडी थांबली की साहेब आले समजून इन्सुलिन घंटा बडवायची. अशी अकरा वेळा पळापळ झाली.

साहेब उगवले तीनला. घंटा वाजली. एकही दार उठलं नाही. इन्सुलिनने पुन्हा जीव खाऊन बडवली, तेव्हा एका दाराने बाकावर कूस बदलली.

"बाई, साखर बाहेरच राहिली की," साहेब म्हणाले.

सारवासारव करायचंही त्राण बाईंना उरलं नव्हतं. "उठसूट घंटा वाजली की दारं ऐकेनाशी होतात, साहेब. टाइप टू मधुमेहात हेच होतं."

साहेब साखरेशेजारी पायरीवर टेकले. "अठरा वर्षं आहे मला. आतली मंडळी दमली असतील, असं कुणी बोललंच नाही."

मग त्यांनी शेरा लिहिला: "प्रात्यक्षिक हुबेहूब. पेशीला उद्या सुट्टी द्यावी."