ॲसिडचा कॅन

रबराच्या चिकाचे ट्रे तसेच पडलेले बघून प्रणालीचं डोकं फिरलं. "बाबा, ॲसिड घातलंस की नाही? चीक गोठणार कधी, आणि शीट काढायची कधी?"

बाबा पाठमोरे उभे होते. "घातलं गं. त्यानेच डोळे झोंबतायत."

फॉर्मिक ॲसिड होतंच तसं. कॅन उघडला की मुंगळा डसावा तशी वाफ नाकाडोळ्यांत शिरायची. आई हे काम नाकाला पदर बांधून करायची. तिचं बारावं झालं, तरी बाबांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. वाडीतल्या बायका त्यांना दगड म्हणायच्या. काल प्रणालीनेही रागात तोंडावर तेच म्हटलं होतं.

ती पुढे आली. चीक अजून दुधासारखा पातळ होता. ॲसिडचा वासही येत नव्हता. कॅनचं झाकण घट्ट बंद होतं, आणि बाबांचा चेहरा मात्र ओलाचिंब होता.

"दादा, आत आहेस काय रे?" बाहेरून काकाची हाक आली. बाबा गडबडीने बाहीने तोंड पुसायला लागले.

प्रणालीने कॅन पुढे ओढला आणि झाकण काढून बाजूला ठेवलं.

"काका, इतक्यात आत येऊ नको," ती म्हणाली. "ॲसिड फार झोंबतंय."