दाराचे शब्द

"येतो गं," म्हणत भार्गवराव दारापाशी आले आणि दार मिटून भिंतीत विरघळलं.

"या, बसा," घर म्हणालं. त्यांची खुर्चीही आपणहून पुढे सरकली.

ही नवी यंत्रणा घरात कालच बसवली होती. तोंडाने सांगायचा अवकाश, की भिंती सरकत, खिडक्या रुंदावत. सकाळीच त्यांच्या बायकोने, कुमुदने, हौसेने स्वयंपाकघर पूर्वेला नेलं होतं. आता खाली मुलगा गाडी घेऊन थांबला होता. भार्गवरावांच्या हृदयाचं आज ऑपरेशन होतं.

"अरे, दार उघड!"

"येताय की जाताय?" घराने विचारलं.

कुमुदने कंपनीला फोन लावला. "भिंती, रंग, छत, काय हवं ते बदला, काकू," पलीकडची मुलगी म्हणाली. "दाराचे शब्द मात्र मूळ साच्यातले आहेत. त्यांना हात लावता येत नाही."

"मग म्हणतो एकदाचं," भार्गवराव वैतागले.

"आज तो शब्द तोंडातून काढायचा नाही!" कुमुदने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. खाली हॉर्न वाजत राहिला. शेवटी तिनेच हात काढला.

"जातो," ते पुटपुटले.

दार उघडलं, आणि ते बाहेर पडताच मिटलं. आत त्यांची खुर्ची जमिनीत गेली, पलंग निम्मा आखडला. बाहेर पाटीवरचं त्यांचं नाव पुसलं गेलं.

ते पाहून भार्गवराव दारावर थापा मारू लागले. "येतो! कुमुद, येतो गं!"

"आपण कोण?" घराने विचारलं.