फियाट की मारुती?

"दोनदा आपटल्याबिगर लागत नाही हे," फियाटचं दार तिसऱ्यांदा आपटत भैय्याजी म्हणाले. "अन् खालचा पत्रा गंजला. पावसात पाय ओले होतात."

गाडी पाहायला आलेली रोशनी हसली. "अन् ही मारुती?"

"ही नवी. म्हणजे पंच्याण्णवची. फियाट अठ्ठ्याहत्तरची. फियाट म्हणजे म्हातारा सासरा. चढावर खोकलते, पण रुबाब सोडत नाही. मारुती पळते तुरूतुरू, पण खड्ड्यात गेली की कंबर आपली!"

गाडी विकायला काढलेल्या माणसानं असं बोलावं का? पण भैय्याजींना विकायचीच कुठे होती! काचबिंदूमुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. बायको कांताबाई दोन वर्षांमागे गेल्या. मुलगा पुण्यात. मनीषनगरच्या घरात फोनसुद्धा वाजेना. मग त्यांनी फाटकावर पाटी लावली, 'दोन जुन्या गाड्या विकणे आहे.' अन् काय सांगावं, रविवारी माणसं यायला लागली! गाडी घ्यायची म्हणजे चालवून पाहणं आलं, अन् मालक शेजारी बसणारच. भैय्याजी गिऱ्हाइकाला थेट फुटाळा तलावापर्यंत न्यायचे. तो काही जवळ नाही, पण म्हणूनच तर! जाता-येता गप्पा व्हायच्या. फक्त कोणी 'घेतो' म्हणू नये, एवढीच धास्ती. म्हणून परत आल्यावर दोन्ही गाड्यांची अशी निंदा करायची की माणूस चहा पिऊन पळालाच पाहिजे.

ही पोरगी मात्र पळेना. तिनं दोन्ही गाड्या फुटाळ्यापर्यंत चालवल्या. फियाटचा गिअर स्टिअरिंगपाशी पाहून खदखदून हसली. कांताबाई कुठे बसायच्या, तेही विचारलं. आता दुसरा चहा मागून घेतला होता, अन् एकेक दोष कौतुकाच्या गोष्टी ऐकाव्या तशी ऐकत होती. हिला आवडल्या वाटतं!

"मंग?" त्यांनी शेवटी विचारलं. "कोणती?"

"दोन्ही चांगल्या आहेत, काकाजी."

झालं! भैय्याजींना पुढचा रविवार दिसायला लागला. रिकामं अंगण, बंद फाटक. त्यांचा धीरच सुटला.

"बेटा, खोटं बोललो मी तुले. मले एकही विकायची नाही. गाड्या गेल्या तं माह्याकडे येणार कोण?"

रोशनीनं कप खाली ठेवला.

"मलेही घ्यायची नाही, काकाजी," ती म्हणाली. "नोकरीसाठी नागपुरात आली, ओळखीचं कोणीच नाही. म्हणून दर रविवारी कोणाची ना कोणाची गाडी पाहून येते. शेजारी बसून बोलतात तरी लोक."