विषय नसलेली मीटिंग

आईचे ओठ हलत होते, पण खाटेशी बसलेल्या यशोधनला अक्षरही ऐकू येत नव्हतं. ऑफिसने कानात बसवलेलं कॅलेंडर मीटिंग मंजूर झाल्याशिवाय कोणाचाच आवाज आत सोडत नसे. विनंत्यांची टणटण डोक्यात जायला लागली, तेव्हा त्यानेच नियम लावून टाकला होता : विषय धड नसेल तर परस्पर नकार. साहेबांनी त्याबद्दल त्याची पाठही थोपटली होती.

डॉक्टरांच्या मते आई संध्याकाळ काही काढणार नव्हती.

थोरल्या कुंदाताईने 'रुग्णाची प्रकृती' असा भारदस्त विषय टाकून पाव तास पदरात पाडून घेतला होता. आता ती आईच्या वतीने विनंती भरत होती.

"विषय विचारला तर म्हणते, विषय कसला मेला? लेकाशी सहज बोलायचंय."

'सहज' नाकारलं गेलं. 'माया'सुद्धा.

"अरे, मग तो नियमच काढ की, शहाण्या!"

"त्यासाठी ऑफिसकडे मीटिंग मागितलीय, ताई. पुढच्या महिन्यातली मिळालीय."

शेवटी डोळे पुसत ताईने 'अंतिम निरोप' लिहिलं. ते झटक्यात मंजूर झालं. गुरुवारी, सकाळी अकरा वाजता. त्याआधीच्या सगळ्या वेळा साहेबांनी अडवून ठेवल्या होत्या.

ताईने ते आईच्या कानाशी लागून सांगितलं. आई हसली, काहीतरी पुटपुटली.

"आई म्हणतेय, चालेल, थांबते मी. आणि तुला..."

ताईचा पाव तास संपला. आता दोघींचेही ओठ नुसतेच हलत होते. यशोधन ऑफिसात हलवायचा तशी, सगळं समजल्यासारखी मान हलवत राहिला.